सुट्टीवरचा हवालदार

16 ऑक्टोबर 2024, बुधवार
कोजागिरीचं दूध मारुतीच्या देवळापुढं आटवलं. वाडीवरच्या हवालदाराची बायको पोराला घेऊन आली होती. "तो कुठाय?" विचारलं, तर खाली बघून म्हणाली, "काका, आमच्याकडं रोजच कोजागिरी हाय." नवरा सुट्टीवर आल्यापासून रात्री उठून उठून दाराच्या कड्या तपासतो, मग ओसरीवर बसून राहतो. झोपेसाठी कॅन्टीनची रम घेतो, ती वाढत चाललीय. परवा पोरानं मागून गळ्यात हात टाकला, तर ढकलून दिलं. मग स्वतःच रडला.

लष्करी इस्पितळाच्या मनोविकार वॉर्डात मी नर्सिंग असिस्टंट होतो. अशी माणसं दाखल होताना पाहिलीत, तशी बरी होऊन पल्टनीत परततानाही. दाखल झाल्याचं गावात सगळ्यांना कळतं, बरं झाल्याचं कुणी बोलत नाही.

18 ऑक्टोबर, शुक्रवार
त्याच्या खळ्यावर गेलो. सोयाबीनची मळणी चालू होती. फक्त झोपेचं विचारलं. बऱ्याच वेळानं बोलला. "साहेब, एमआय रूममध्ये गेलो की आरएमओ सायकियाट्रिस्टकडं पाठवणार. सीओ साहेबांचा रिपोर्ट लागणार. कॅटेगरी डाऊन झाली की नायब सुभेदारी गेली. रायफल काढून घेतील. पल्टनीत सगळे म्हणतील, याचं डोकं फिरलंय."

एमआय रूम म्हणजे पल्टनीचा दवाखाना, आरएमओ तिथला डॉक्टर, कॅटेगरी म्हणजे तब्येतीची श्रेणी. तो म्हणाला त्यातलं काहीही मला उडवून लावता येत नाही. मनोविकाराच्या तपासणीला पाठवताना कमांडिंग ऑफिसरचा अहवाल जोडावा लागतो. एएफएमएसएफ-10 हा तो फॉर्म. हत्यारापासून काही काळ दूर ठेवतात, ते जीव वाचवण्यासाठी, पण बराकीत सगळ्यांना दिसतं. बढतीही लांबू शकते. डॉक्टरकडे जाण्याची अशी किंमत जोवर मोजावी लागते, तोवर जवानाला नुसतं 'घाबरू नको' म्हणून भागणार नाही. ती किंमत कमी करणं हे वर बसलेल्यांचं काम आहे, आणि ते त्यांनी करायलाच हवं.

तरी त्याला एक विचारलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लो कॅटेगरी मिळाली होती, तेव्हा लाज वाटली होती का? नाही म्हणाला. काही महिन्यांनी मेडिकल बोर्ड बसलं आणि तो पुन्हा शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, ठरला. त्याच 'शेप'मध्ये एस म्हणजे मन आणि ए म्हणजे हातपाय. मनाचीही कॅटेगरी तात्पुरती देता येते, तिचाही फेरतपास होतो. हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

21 ऑक्टोबर, सोमवार
कामानं अपशिंग्याला गेलो. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान गेले, त्यांच्या स्मरणाचा दगड तिथं आहे. मी हात जोडले. पण मनात आले ते परत आलेले. 1915 साली चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरानं 'लॅन्सेट'मध्ये शेल शॉकवर लिहिलं. त्याच लढाईतून आमच्या भागात परतलेल्यांच्या रात्रींचं कुणी काही लिहून ठेवलं असेल? 'फौजेतनं आल्यापासून तिरसट झालाय' एवढ्यावर किती आयुष्यं निकालात निघाली असतील.

24 ऑक्टोबर, गुरुवार
त्याची आई देवऋष्याकडं न्यायचं म्हणते. मी तिच्याशी वाद घातला नाही. देवाला जा, पण डॉक्टरला आड येऊ नको, एवढंच म्हणालो.

त्याला 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर दिला. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. फौजींसाठी तर 1 डिसेंबर 2023 पासून पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात तिचा वेगळा कक्ष आहे. आज संध्याकाळी बांधावर बसून त्यानं फोन लावला. काय बोलला ते मी विचारलं नाही. नंतर स्वतःच म्हणाला, "दवाखान्यात जा म्हणाले."

27 ऑक्टोबर, रविवार
आईचं म्हणणं, दिवाळी होऊ दे, मग जा. बायको पहिल्यांदाच सासूसमोर ठाम बोलली, "दिवाळीआधीच जायचं."

त्याचे प्रश्न संपत नाहीत. औषध जन्मभर घ्यावं लागेल का? बहुतेकांना नाही, पण बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. गुण कधी येईल? झोप आधी सुधारते, मन हलकं व्हायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. दारूबद्दल सांगावं का? तेच आधी सांगायचं, खरा आकडा सांगायचा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर हातपाय कापतात, फिटही येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

सुट्टीवर असलेला जवान आजारी पडला, तर जवळच्या लष्करी इस्पितळात दाखवू शकतो. आधी पल्टनीत पोहोचायलाच हवं, असं नाही. उद्या सकाळच्या एसटीनं पुण्याला वानवडीच्या कमांड हॉस्पिटलला निघायचं ठरलंय. ओळखपत्र, सुट्टीचा पास आणि गुडघ्याचे कागद एका पिशवीत भरून ठेवायला सांगितलेत. पोरगं आमच्याकडं राहील. बायकोला सोबत न्यायचंच आहे. रात्री काय होतं, ते डॉक्टरांना तिच्याइतकं नीट दुसरं कुणी सांगू शकणार नाही.