हातातले सात किलो

पेलिकन १५१० ही पेटी पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांना सांगावी लागत नाही. चाकं, ओढायची दांडी, पाणी आत येऊ न देणारी रबरी गॅस्केट, आणि विमानातल्या वरच्या कप्प्यात बसावी म्हणून बेतलेलं साधारण ५६ बाय ३५ बाय २३ सेंटिमीटरचं माप. तिच्यावर माझं मनापासून प्रेम आहे. पण फोम न घालताही ती साडेपाच किलोंच्या आसपास भरते. आपल्याकडे देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला हातातल्या बॅगेसाठी मिळतात ७ किलो. म्हणजे कॅमेऱ्यासाठी उरला दीड किलो. त्याहून मोठ्या, सामानात टाकायच्या पेट्या तर रिकाम्याच आठ-दहा किलोंच्या, आणि बहुतेक तिकिटांवर चेक-इनची मर्यादा १५ किलो. ज्याला समुद्रात कॅमेरा न्यायचाय त्याने पेटीच्या मजबुतीआधी तिचं रिकामं वजन विचारावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

मी ठाण्याची. पाण्याखाली कॅमेरा धरायला मालवणला शिकले, आणि तिथे हा प्रश्न कधी पडलाच नाही. कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून रिक्षा. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलोंपर्यंत सामान तसंही मोफत नेता येतं. अशा प्रवासाला जड, टणक पेटीसारखी सोबत नाही. मालवणच्या बोटीत तळाला पाणी साचलेलं असतं, वरून लाटांचे तुषार येतात, सिलिंडर इकडून तिकडे सरकत असतात. "ताई, ह्यो पेटारो खंय ठेवू?" असं विचारून तांडेल ती पेटी सिलिंडरांच्या शेजारीच ठेवायचा, आणि मला काळजी वाटायची नाही. आयपी-६७ दर्जाची पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत कोरडी असते. झाकणाजवळचा छोटा व्हॉल्व्ह हवेचा दाब सारखा ठेवतो आणि पाणी बाहेर. गाडीने किंवा रेल्वेने जायचं, खुल्या बोटीतून फिरायचं, तर आजही मी तीच नेते.

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा सगळं नव्याने मांडावं लागलं. मी बॅग बघायला दुकानात गेलेच नाही. जेवणाच्या टेबलावर सगळं सामान पसरलं आणि स्वयंपाकघरातला काटा आणून एकेक वस्तू तोलली. कॅमेऱ्याची बॉडी सातशे ग्रॅम. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स सहाशेच्या थोडी पुढे. तिचा फ्लॅट पोर्ट, म्हणजे लेन्सपुढची सपाट काच, चारशेच्या आसपास. कॅमेरा पाण्यात कोरडा ठेवणारं ॲल्युमिनियमचं हाउसिंग पावणेतीन किलो. चार पेन्सिल सेल घातलेला एक स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, पाऊण किलोच्या वर. तो हाउसिंगच्या माथ्यावर बसवायला एक आखूड आर्म आणि दोन क्लॅम्प. बेरीज झाली साडेपाच किलो, म्हणजे त्या रिकाम्या पेटीइतकीच.

त्या बेरजेतून मला माझा नियम मिळाला. हातातल्या बॅगेत एक पूर्ण कॅमेरा असला पाहिजे, पाण्यात उतरू शकेल असा. बॉडी हातात आणि हाउसिंग सामानात, ही वाटणी मी अनेकांची पाहिली आहे. बॉडी नाजूक, हाउसिंग दणकट, त्यामुळे ती शहाणपणाची दिसते. पण चेक-इनची बॅग आली नाही तर हातातल्या महागड्या कॅमेऱ्याने किनाऱ्यावरच्या नारळांचे फोटो काढायचे. साखळीतली एक कडी नसली की बाकीच्या निरुपयोगी. ट्रे, हँडल, दुसरा स्ट्रोब, लांब फ्लोट आर्म, डोम म्हणजे वाइड अँगल लेन्सचा घुमटाकार पोर्ट, हे सगळं नसेल तर फोटो कमी प्रतीचे येतील, पण येतील.

म्हणजे मला दीड किलोची बॅग हवी होती. बाजारातल्या कॅमेरा-सॅक सुंदर असतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणी आतल्या कप्प्यांसकट दोन-अडीच किलोंच्या निघतात. चाकांची बॅग तर बादच. चाकं आणि दांडी किलोभर वजन खातात, शिवाय दांडीच्या नळ्यांमुळे तळाला उंचवटे येतात आणि हाउसिंग सरळ बसत नाही. शेवटी साधी, आत काहीच नसलेली ट्रेकिंगची सॅक घेतली आणि ती धारावीतल्या एका बॅगवाल्या काकांकडे नेली. त्यांना मी सांगितलं, मला आत एक वेगळा गादीचा डबा शिवून द्या, पूर्ण बाहेर निघणारा, वरून पट्टा असलेला. त्यांनी हाउसिंग हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ताई, यात सगळ्यात आधी काय मोडेल?" इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी बाहेर आलेल्या बारीक कळा, झूमचं चाक आणि मागची काचेची खिडकी दाखवली. काकांनी त्या तीन जागांना फोम दुप्पट घेतला आणि बाकी सगळीकडे निम्मा केला. एरवी बॅग बनवणारे सगळीकडे सारखा फोम लावतात, त्यात वजन आणि जागा दोन्ही जातात.

बाहेर निघणारा डबा हवा होता तो छोट्या विमानांसाठी. एटीआर विमानात वरचे कप्पे लहान असतात, आणि नियमातल्या मापाची बॅगसुद्धा शिडीपाशी काढून घेऊन पोटात टाकतात. अशा वेळी वाद घालून काही होत नाही. डबा उचलून पायांशी घ्यायचा आणि जाकीट, पुस्तक राहिलेली सॅक हसतमुखाने देऊन टाकायची.

अंदमानच्या त्याच प्रवासात माझी चेक-इनची बॅग पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, पोहोचलीच नाही. काउंटरवर अर्ज भरून दिला. बोट दुपारची होती, ती थांबणार नव्हती, आणि स्वराज द्वीपवर, जुन्या हॅवलॉकला, आमचा गट वाट बघत होता. गेले तशीच. फिन्स, बीसीडी, रेग्युलेटर, वेटसूट डाइव्ह सेंटरवर भाड्याने मिळतात. कॅमेरा पाठीवर होता. दुसऱ्या सकाळी किनाऱ्यावरूनच चालत नेमो रीफवर उतरले. एकच स्ट्रोब, एकच लेन्स. ॲनिमोनच्या काठावर एक पोर्सेलिन खेकडा बसला होता. तो पिसाऱ्यासारखे दोन अवयव पाण्यात पसरतो, मिटतो, आणि त्यांत अडकलेले सूक्ष्म कण तोंडाशी नेतो. एकच दिवा असल्यामुळे तो मी बाजूने धरला, तर त्या अवयवांचा एकेक केस सावलीसकट उठून आला. बॅग नंतर आली, जेट्टीवरून सेंटरच्या मुलाने आणून दिली. तोवर माझं निम्मं काम झालं होतं.

चेक-इनच्या बॅगेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ती छायाचित्रणाची वाटू नये. पिवळी, कुलपांची, कंपनीचं नाव मिरवणारी पेटी आत काहीतरी मौल्यवान असल्याची जाहिरात करते. मी दोन मोठ्या चाकांची, मऊ बाजूंची साधी बॅग वापरते. चार छोट्या चाकांवर फिरणाऱ्या बॅगा विमानतळाच्या फरशीवर छान, पण जेट्टीच्या फटींत आणि वाळूत त्यांची चाकं अडकतात. चेन प्लास्टिकच्या दात्यांची बघून घेते. धातूची चेन खारट हवेत काही सहलींतच धरते. आत वेटसूट आणि फिन्स हेच माझं आवरण. फिन्स बॅगेच्या दोन्ही बाजूंना उभ्या, मध्ये निओप्रीनमध्ये गुंडाळलेला दुसरा स्ट्रोब, आर्म सुटे करून बुटांत. मोठा डोम याच बॅगेत जातो, म्हणून मी काचेऐवजी ॲक्रिलिकचा घेतला. काचेचा जास्त सुरेख आणि सहजी ओरखडत नाही हे खरं, पण एकदा ओरखडला की संपला. ॲक्रिलिकवरचे बारीक ओरखडे घासून घालवता येतात, आणि बाहेरच्या बाजूचे तर पाण्यात उतरल्यावर पुष्कळसे दिसेनासे होतात.

झाकण्याआधी एक काम मी कधी विसरत नाही. हाउसिंग आणि स्ट्रोबची झाकणं हवाबंद ठेवायची नाहीत. विमानात दाब कमी होतो. आतली जास्त दाबाची हवा थोडी निसटते आणि खाली उतरल्यावर बाहेरचा दाब झाकण असं आवळून धरतो की ते निघता निघत नाही. ओ-रिंग काढून वेगळ्या डबीत ठेवली की प्रश्न मिटतो. ती डबी, ग्रीसची नळी आणि जादा ओ-रिंगा मात्र पाठीवरच्या सॅकमध्ये.

बॅटऱ्यांचं गणित बॅगेच्या निवडीतच धरावं लागतं, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालतच नाहीत. त्या हातातच न्यायच्या. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची संमती हवी आणि सुट्या दोनच, त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाहीत. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास इतकाच हिशोब. माझ्या व्हिडिओ लाइटची बॅटरी १४.४ व्होल्ट, ६.८ अँपिअर-तास, म्हणजे ९८ वॉट-तास भरते. ती घेताना मी प्रकाश किती पडतो याच्याइतकाच हा आकडा पाहिला होता. आकडा बॅटरीवर स्पष्ट छापलेला असावा. पुसट झाला असेल तर तपासणीवाल्याने का विश्वास ठेवावा? टोकांना चिकटपट्टी लावून प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवते. डाइव्ह टॉर्चमधली बॅटरी काढूनच ठेवायची, कारण बॅगेत चुकून पेटलेला टॉर्च हवेत भयंकर तापतो. काही कंपन्या पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग वेगळी नेऊ देतात. लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि या सगळ्या बॅटऱ्या मी तिच्यात घालते.

एक्स-रेवर हाउसिंग दिसलं की बॅग उघडावी लागतेच, आणि त्यात वावगं काही नाही. कळा, तारा, धातूचा जाड डबा, पाहणाऱ्याला शंका यायलाच हवी. सॅकच्या वरच्या खिशात मी माझाच पाण्याखालचा एक फोटो ठेवते, त्यात हातात हेच हाउसिंग आहे. "मॅडम, ये क्या है?" असं विचारल्यावर तो पुढे केला की जवानांच्या चेहऱ्यावरचा ताण जातो, आणि पुढचे प्रश्न माशांबद्दलचे असतात. डबा एका झटक्यात बाहेर निघतो याचाही तिथे उपयोग होतो, कारण मागची रांग खोळंबत नाही.

परदेशी जाताना आणखी एक कागद लागतो. इंडोनेशियात सुलावेसीच्या लेंबे सामुद्रधुनीला गेले तेव्हा निघताना मुंबईच्या विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घेतलं. अनुक्रमांकांसह वस्तूंची यादी त्यावर असते, म्हणजे परतताना या वस्तू इथूनच नेल्या होत्या हे दाखवता येतं. ते बॅग चेक-इनला देण्याआधी करायचं, कारण अधिकारी वस्तू प्रत्यक्ष पाहतात. त्यामुळे ज्यांचे नंबर तपासायचे त्या वस्तू बॅगेत वरच्या थरात लागतात. लेंबेला जाताना माझी बॅग आजवरची सगळ्यात हलकी होती. तिथे काळ्या ज्वालामुखीय वाळूत बोटभर लांबीचे जीव शोधायचे असतात, डोमचं कामच नाही. मांटा रे किंवा प्रवाळांचे विस्तीर्ण देखावे टिपायचे असतील तर मॅक्रो घरी राहते. दोन्ही घेऊन जाणारे लोक मी पाहते, मोह मलाही होतो, पण समुद्रात उतरल्यावर पोर्ट बदलता येत नाही, त्यामुळे रोजच्या डाइव्हला त्यातला एक खोलीतच पडून असतो.

परतीची बांधणी मी निवांत करते. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतंच. तो वेळ सामान गोड्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, कळा दाबून दाबून मीठ काढण्यात जातो. ओलसर हाउसिंग फोममध्ये गेलं की फोम ते पाणी धरून बसतो. घरी आल्यावरही लेन्स बॅगेत ठेवत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात बंद बॅगेतल्या लेन्सवर बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये, ४० ते ५० टक्के आर्द्रतेला. डबा उन्हात, चाकांच्या आसांना ब्रश आणि साधं पाणी.

आता लक्षद्वीप ठरतंय, कोचीहून आगत्तीला. छोटं विमान, आणि आगत्तीच्या लगूनमधली हिरवी समुद्री कासवं टिपायची तर वाइड अँगल लेन्सच हवी. म्हणजे या वेळी डोम हातातल्या बॅगेत आणि मॅक्रो घरी. मोठा डोम सॅकमध्ये घातला तर स्ट्रोबला जागा उरत नाही, म्हणून १४० मिलिमीटरचा लहान डोम वापरून बघणार आहे. पाण्याची रेषा मधोमध धरून अर्धा फोटो आकाशाचा आणि अर्धा पाण्याखालचा काढायला लहान डोम अवघड जातो, पण तो मोह या वेळी सोडला आहे. काकांकडे डबा पुन्हा बदलायला दिलाय. त्यांना डोम प्रत्यक्ष हवा होता, मापावर शिवायला ते तयार नाहीत, म्हणून रविवारी तो घेऊन धारावीला जायचं आहे.