दादाचं विमान, आजीची वाडी

‘चिमे, एक सही हवीये तुझी.’

रविवारी सकाळी साडेसातला दादाचा फोन. फ्रीलान्स पत्रकाराच्या आयुष्यात रविवारचे साडेसात म्हणजे मध्यरात्रच! अर्धवट झोपेत विचारलं, ‘कशावर?’ तर म्हणे, चौलच्या वाडीतला समुद्राकडचा तुकडा विकायचाय, त्या कागदांवर. आणि पैसे कशाला हवेत? नवा फ्लॅट? नाही. स्वतःची कंपनी? छे. साहेबांना विमान घ्यायचं होतं.

हो, विमान. दोन सीटचं, पेट्रोल पिणारं, खरंखुरं विमान!

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. पुण्यात आयटीत आहे. त्याच्या ऑफिसातले लोक वीकएन्डला ट्रेकला जातात, फार तर बुलेट घेऊन लडाख. हा पठ्ठ्या तीन वर्षं सुट्ट्या आणि बोनस फ्लाइंग क्लबात उधळत होता. प्रायव्हेट पायलटच्या लायसन्ससाठी किमान ४० तास उडावं लागतं. ते त्याला मिळालं तेव्हा आम्ही पेढे खाल्ले आणि म्हटलं, चला, हौस फिटली. कसली फिटतेय!

आता तुम्ही म्हणाल, असतात असे हौशी लोक. जे. आर. डी. टाटांना १९२९ मध्ये लायसन्स मिळालं आणि १९३२ मध्ये ते स्वतः टपालाचं विमान घेऊन कराचीहून जुहूला उतरले. विजयपत सिंघानिया १९८८ मध्ये मायक्रोलाइटमधून लंडनहून अहमदाबादला आले, २३ दिवसांत. पण ते टाटा आणि सिंघानिया हो! आपण ईएमआयवाले. यावर दादाचं उत्तर तयार असतं : ‘कॅप्टन अमोल यादव.’ कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारा मराठी माणूस. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते विमान ठेवलं होतं. तिथे काढलेला फोटो अजून दादाच्या लॅपटॉपवर आहे.

दादाला हवं होतं ते लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट. फंडा सोपा आहे. माणसं, पेट्रोल, सामान सगळं धरून वजन ६०० किलोच्या आत. म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षाही हलकं! बहुतेकांना रोटॅक्सचं ८० किंवा १०० हॉर्सपॉवरचं इंजिन असतं आणि ते गाडीच्या पेट्रोलवरही चालतं. ऐकायला स्कूटर घेतल्यासारखं वाटतं ना? थांबा. नवं कोरं घ्यायचं तर मामला कोटीच्या घरात. मग हँगरचं भाडं, इन्शुरन्स, दर वर्षीची तपासणी. इंजिनाच्या रबरी नळ्या दर पाच वर्षांनी बदलायच्या, विमान उडवा नाहीतर नुसतं झाकून ठेवा! इंजिनालाही तासांची आणि वर्षांची, दोन्ही मर्यादा. थोडक्यात काय, न उडणारं विमानसुद्धा खातं.

आणि इकडे वाडी. सातबाऱ्यावर आजी, काका आणि बाबा गेल्यापासून त्यांच्या जागी मी. आजी तिथेच राहते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं तेव्हा समुद्राकडच्या सगळ्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. बाबांनी त्याच पावसाळ्यात तिथे नवी रोपं लावली. पुढच्या वर्षी बाबा गेले. पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. म्हणजे आत्ता कुठे झाडं हाताशी येत होती. पण भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो सुरू झाली, मग २०२४ मध्ये अटल सेतू आला आणि मुंबईच्या पार्ट्या बंगल्यासाठी दारात उभ्या राहू लागल्या. दादाचा हिशेब चोख होता. त्यात बाबांची रोपं कुठल्याच कॉलममध्ये बसत नव्हती.

तडक ‘नाही’ म्हणायचं धाडस मला झालं नाही. दादानं माझी मास कॉमची फी भरली होती, तीही घरी कुणाला न सांगता. म्हणून पळवाट काढली. म्हटलं, ‘आधी मला बसव त्या विमानात. वरून वाडी दाखव. मग बघू.’

दिवाळीनंतरचा रविवार ठरला. घाटमाथ्यावरची एक धावपट्टी, आणि विकायला काढलेलं तेच विमान, मालकाच्या परवानगीनं. फ्लाइट प्लॅन, हवाई दलाकडून मिळणारा एडीसी नंबर, सगळं दादानं आधीच करून ठेवलेलं. आपल्या देशात गाडीसारखी चावी फिरवली की निघालो, असं विमानाचं नसतं. पोचल्या पोचल्या त्यानं विचारलं, ‘वजन किती तुझं? खरं सांग.’ मी तीन किलो कमी सांगितलं. त्यानं पाच वाढवून लिहिलं. मग चेकलिस्ट हातात धरून विमानाभोवती फेरी. तेल बघितलं, टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल बाटलीत काढून त्यात पाणी नाही ना, ते बघितलं. घरी गॅस बंद केला का हे कधीच न आठवणारा हा माणूस!

आणि मग उडालो. सॉलिड! मोठ्या विमानात आपण उडत नसतो, आपल्याला पोचवलं जात असतं. इथे गुडघ्याला लागून दार, त्याला लागून आकाश. खाली मुळशीचा तलाव, त्यात डोंगरांच्या सावल्या. प्लॅन असा की ताम्हिणी ओलांडायची, कुंडलिका नदी पकडायची आणि तिच्याबरोबर रोह्यावरून थेट रेवदंड्याच्या खाडीपर्यंत. त्याच्या अलीकडेच आमची वाडी. एक चक्कर मारून परत.

दादा डोंगराच्या रांगेकडे सरळ न जाता तिरका निघाला. हेडसेटमधून म्हणाला, ‘समोरासमोर गेलं आणि उंची पुरली नाही तर पूर्ण वळावं लागतं. तिरकं गेलं की थोडक्यात सुटता येतं.’ तेवढ्यात सीट खाली गेल्यासारखी वाटली. धक्का नाही, काही नाही. इंजिन फुल्ल जोरात, विमानाचं नाक वर, आणि उंचीचा काटा मात्र निवांत खाली चाललेला. समोर घाटाची कड दिसत होती. तिच्या पलीकडे कोकण, पांढुरक्या धुरकटात बुडालेलं. मी मोबाइल काढून शूटिंगला सज्ज. चार-पाच मिनिटांत कड ओलांडली असती.

दादानं विमान वळवलं. डावीकडे, उतरत्या जमिनीच्या दिशेनं.

‘अरे, वाडी?’

‘आज नाही.’

उतरल्यावर टपरीवर चहा घेताना त्यानं बशीतल्या चहावर फुंकर मारून समजावलं. वारा पूर्वेचा होता. डोंगरावर वारा ज्या बाजूनं आदळतो तिथे तो वर चढतो, तिथे विमानाला फुकटची लिफ्ट. पण डोंगर ओलांडला की तोच वारा पलीकडे खाली कोसळतो, धबधब्याच्या पाण्यासारखा. त्या दिवशी ती कोसळती बाजू कोकणाकडची होती. ‘जाताना मजेत उतरलो असतो गं. पण आपल्याकडे किनाऱ्यावर माझ्यासारख्यानं उतरायला पट्टी कुठाय? परत यायलाच लागणार. ते चढताना, वाऱ्याच्या तोंडावर, त्या कोसळत्या हवेतून. एवढ्याशा इंजिनाला जमलं नसतं तर खाली जंगल.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘१९६२ मध्ये अलितालियाचं डीसी-८ जुन्नरजवळ डोंगरावर आदळलं. ९४ माणसं गेली. एवढं मोठं जेट. सह्याद्री साइज बघत नाही.’

मी गप्प. कारण मला एक गोष्ट कळत होती. वाडी दाखवली की सही मिळण्याचा चान्स होता, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी तो वळला. खरं सांगू? त्या क्षणी कागद पुढे केले असते तर मी सही करून मोकळी झाले असते.

त्यानं कागद काढले नाहीत. म्हणाला, ‘चल, गाडीनं जाऊ.’

ताम्हिणी उतरून दुपारी चौलला पोचलो. आजी ओटीवर. ‘काय गो, विमानानं येणार होतात ना?’ दादा म्हणाला, ‘वारा नव्हता चांगला.’ आजी म्हणाली, ‘बरं केलंस,’ आणि पानं घ्यायला गेली. जेवणानंतर आम्ही समुद्राकडे गेलो. बाबांच्या पोफळी डोक्यावरून कितीतरी वर गेलेल्या. दोन झाडांवर शिपुट धरलेलं, हिरवं, मूठभर. दादा बराच वेळ वर बघत होता. मग मीच बोलले, ‘दादा, हा तुकडा मी नाही रे विकू शकत.’

‘कळलं मला,’ तो म्हणाला. ‘पण विमान घेणार मी.’

‘घे. मात्र इथे आणू नकोस. खाऱ्या हवेनं आजीच्या खिडकीचे गजसुद्धा खाल्लेत.’

तो हसला, पण उगीचच. दोन महिने आमचं बोलणं ‘बरी आहेस ना’च्या पुढे जात नव्हतं. मग एके दिवशी त्याचा फोन, पुन्हा साडेसातला! आणखी तिघांबरोबर त्यानं एका जुन्या विमानात चौथा हिस्सा घेतला होता. पर्सनल लोन काढून, गाडी विकून. आता विमानाचा मालक ऑफिसला बसनं जातो.

माझाही त्यात वाटा आहे बरं का! रबरी नळ्या बदलायची वेळ आली की त्याच्या हिश्शाचे पैसे मी द्यायचे, असं ठरलंय. फीची परतफेड म्हणा हवं तर. आणि एखाद्या हिवाळी सकाळी वारा पडलेला असेल, कोकण स्वच्छ असेल, तेव्हा पुन्हा कडेपर्यंत जाऊन बघायचं. आजीला सांगून ठेवलंय. ती म्हणते, ‘याल तेव्हा याल. सुपारी काढायच्या दिवशी मात्र गाडीनंच या, माणसं कमी पडतात.’