राग जखमेचा होता
मोटारसायकलवरून पडून भाईजानच्या मेंदूला मार बसला. जखम भरली, पण स्वभाव बदलला. सालनात मीठ कमी पडले की थाळी भिरकावायचे, नंतर विसरायचे. भाभी माहेरी निघाल्या होत्या. शाळेत मुलांना समजावणारे आम्ही घरची गोष्ट मात्र लपवत होतो.

डॉक्टरांनी सुचवले म्हणून अशा कुटुंबांच्या बैठकीला गेलो. एका अनोळखी बाईंनी जणू आमच्याच घरची हकीकत सांगितली. रागाला लगाम घालणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो, हे तिथे समजले. भाईजान अडखळत बोलले. कुणी मध्येच शब्द पुरवला नाही, सगळे थांबले.

परतताना रिक्षात भाभी म्हणाल्या, "पुढच्या महिन्यातही येऊ."

राग अजून येतो. पण तो जखमेचा आहे, हे आता मुलांनाही ठाऊक आहे.