मधले पाते कापायचे नाही

माझी थोरली बहीण न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला राहते. ते गाव वाऱ्याचे. समुद्रावरून खारा वारा सुटला की कोवळी रोपे करपून जातात. ताईने दोन वर्षे हौसेने फुलझाडे लावली, मग नाद सोडला. नोकरी नाही, ओळखी नाहीत. फोनवर एकच पालुपद, ‘‘करमत नाही गं.’’ ती मुलीला घेऊन परत येणार, असे आईने धरूनच ठेवले होते.

कुंपणाशी मात्र एक झुडूप वाऱ्याला न जुमानता उभे होते. तलवारीसारखी पाती, माणसाहून उंच. वाळलेली पाती गवत कापायच्या यंत्रात गुंततात म्हणून भावजी ते उपटायला निघाले, तेव्हा शेजारच्या माओरी आजींनी त्यांना थांबवले.

हे हाराकेके, म्हणजे फॉर्मियम टेनॅक्स. इंग्रजीत याला फ्लॅक्स म्हणतात, पण आपल्या जवसाशी याचे काही नाते नाही. टेनॅक्स म्हणजे चिवट. याच्या धाग्यापासून माओरी लोक दोर, जाळी, वस्त्रे बनवत आले आहेत.

झाड बारमाही हिरवे. ऊन आणि निचऱ्याची जमीन मिळाली की फारसे लाड मागत नाही. जुन्या गड्ड्यातून मुळांसकट एक फुटवा वेगळा काढायचा, पाती निम्मी छाटायची आणि तिकडच्या वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायचा. भोवती दोन मीटर जागा हवीच. बाग लहान असेल तर याचीच बुटकी बहीण व्हारारिकी बरी. पात्यांच्या बुडाशी पिठ्या ढेकूण दडतो, म्हणून जुनी पाती काढत राहावे. आपल्या कोकणातला उकाडा याला मानवण्यासारखा नाही. सौम्य हवेचा समुद्रकाठच याचे माहेर.

पण पाती काढायचीही रीत आहे. प्रत्येक फुटव्यातले मधले कोवळे पाते म्हणजे मूल, दोन्ही बाजूंची पाती त्याचे आईबाप. या तिघांना कधीच हात लावायचा नाही. कापायची ती बाहेरची पाती, तीही तिरकी. आजींनी हे सांगितले तेव्हा ताई मुलीला कडेवर घेऊन उभी होती. ती काहीच बोलली नाही, असे भावजी सांगतात.

दुसऱ्या आठवड्यापासून ती आजींकडे टोपल्या विणायला जाऊ लागली. मी गेले तेव्हा झुडपावर फुलांचे उंच दांडे आले होते आणि टुई पक्षी मधासाठी भांडत होते. परत येण्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

तिची पहिली टोपली मी आईसाठी घेऊन आले. बूड जरा वाकडे आहे. आई तिच्यात लसूण ठेवते.