गुलालाचा रंग आणि घडीचे तीन मिलिमीटर

पोस्टर चालत्या माणसासाठी असते, माहितीपत्रक बसलेल्या माणसासाठी. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला ही दोन्ही कामे संगणकावर करावी लागतात, पण संगणक सुरू करण्याआधी आणि बंद केल्यानंतर बराच वेळ जातो. प्रस्तुत लेखकाने कोल्हापुरात शिकत असताना केलेली दोन कामे येथे आधाराला घेतली आहेत: जोतिबाच्या चैत्र यात्रेचे पोस्टर आणि कोल्हापुरी चपलेचे तीन भागांत दुमडणारे माहितीपत्रक.

कोल्हापूरला पोस्टर नवे नाही. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांची पोस्टरे स्वतः रंगवली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे (१९२४) पोस्टर हे हाती उरलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी सर्वांत जुने मानले जाते. आज चौकाचौकात ती जागा फ्लेक्सने घेतली आहे. एका वाढदिवसासाठी तीस-तीस चेहरे, त्यांत गॉगलवाले निम्मे. ही सवय डोळ्यांत इतकी मुरलेली असते की पहिल्या कच्च्या रेखाटनातही विद्यार्थी नकळत सगळी जागा भरून टाकतो.

कामाची सुरुवात मॅटरपासून होते. छापायच्या मजकुराला या धंद्यात मॅटर म्हणतात. पोस्टरचे मॅटर एका श्वासात वाचून होईल एवढे लागते. नाव, तिथी, ठिकाण आणि फार तर एक ओळ. त्यानंतर कागदावर पेन्सिलीने तिकिटाएवढी रेखाटने काढली जातात. जोतिबाच्या पोस्टरसाठी अशी बावीस झाली. देऊळ, घोड्यावरचा देव, डोंगर, गर्दी असे सगळे काढून झाल्यावर उरली ती यात्रेत मिरवली जाणारी उंच सासनकाठी. उभ्या कागदात उभी काठी, आणि खाली गुलालाचा ढग. निवडलेले रेखाटन ए-फोर कागदावर काळ्या-पांढऱ्यात छापून भिंतीला लावावे आणि दहा फुटांवरून पाहावे. रंग नसतानाही जे दिसते तेवढेच टिकते. पहिल्या छापात सासनकाठी दिव्याच्या खांबासारखी दिसली; वरच्या टोकाची निशाणे मोठी केल्यावर ती काठी झाली.

संगणकावर पहिला अडथळा अक्षरांचा येतो. रोमन लिपीसाठी बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर टाकला की वेलांटी सरकते, जोडाक्षरे सुटतात. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय, तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केल्याशिवाय देवनागरी नीट बसत नाही. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधले मॅटर युनिकोडमध्ये चिकटवले, तर ओळीच्या ओळी चिन्हांचा कचरा होतात; त्यासाठी कन्व्हर्टर लागतो. ‘कमावणाऱ्या’ हा शब्द हाच खरा कस मानावा. त्यातला अर्धा र फॉन्टमध्ये नसेल, तर तेथे रफार येऊन बसतो. अनेक फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे निघतात; फॉन्टमध्ये सोय असल्यास भाषा मराठी निवडल्यावर ते आपले होतात. ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखे खुले फॉन्ट हाताशी असल्याने विद्यार्थ्याची चोरीच्या फॉन्टपासून सुटका झाली आहे, ही मोठी गोष्ट.

इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधले अंतर वाढवायला जावे, तर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमध्येही जागा जास्त सोडावी लागते. चपलेच्या माहितीपत्रकात १० पॉइंटच्या मजकुराला १५ पॉइंटचे अंतर दिल्यावरच ‘पायताण’ या चपलेच्या नावाखाली आलेले ‘पुकरी’ हे दुसरे नाव मोकळे झाले.

रंगाची गोष्ट वेगळी आहे. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो. छपाई निळसर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाईंवर चालते. पडद्यावर पेटलेला गुलाल छापून आला तेव्हा विटलेल्या ब्लाउजपीससारखा होता. मॅजेंटा १०० टक्के होताच, वाढवायला जागा नव्हती. थोडा पिवळा घालून पाहिला, तर कुंकू झाले. शेवटी गुलाबी जसाच्या तसा ठेवून भोवतालचे आकाश बदलले. पांढऱ्याऐवजी देवळाच्या काळ्या दगडाचा राखी-तपकिरी रंग दिल्यावर तोच गुलाल उजळला. शाई तीच, टक्केवारी तीच.

माहितीपत्रकात चित्रापेक्षा घडी महत्त्वाची असते. ए-फोर कागद आडवा धरला की रुंदी २९७ मिलिमीटर. तिचे तीन सारखे भाग केले तर प्रत्येकी ९९ होतात, आणि येथेच बहुतेक जण फसतात. आत दुमडणारे पान थोडे अरुंद नसेल तर ते घडीत अडून फुगते. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या पन्नास प्रती अशाच फुगलेल्या निघाल्या. योग्य मापे १००, १०० आणि ९७. आतल्या बाजूला ९७ चे पान उजव्या टोकाला असते, तर बाहेरच्या बाजूला डाव्या. हे डोक्यात धरणे अवघड जाते. म्हणून कोरा कागद दुमडून त्यावर पेन्सिलीने पान क्रमांक टाकलेली डमी शेवटपर्यंत टेबलावर ठेवावी.

डमीमुळे मजकुराचा क्रमही ठरतो. मुखपृष्ठ उघडताच वाचकाला ते अरुंद पान आधी दिसते. तेथे कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी असे प्रकार चित्रांसह आले. पूर्ण उघडल्यावर आत चामडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंतची कृती, आणि मागे नकाशा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे संयुक्त आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. पहिल्या आराखड्यात नकाशा सीमेवरच थांबला होता. तो बेळगाव, धारवाडपर्यंत वाढवावा लागला आणि मुखपृष्ठावरची ओळही बदलली.

छपाईला फाईल देण्याआधी थोडी तयारी उरते. छायाचित्रे छापायच्या मापाला ३०० डीपीआय असावीत; व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो बहुधा तेवढा नसतो. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून पार्श्वभूमी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढतात. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. तो चार रंगांत गेला आणि छपाई केसभर हलली, तर अक्षरांना सावली येते. फॉन्ट छापखान्यात नसण्याची शक्यता धरून अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे त्यांच्या आकृत्या करून दिली जातात. मजकूर पुन्हा वाचायचा तो कर्व्ह करण्यापूर्वी, मोठ्याने, आणि शक्यतो दुसऱ्याकडून.

छापखान्यात आधी एक प्रूफ काढून घ्यावे, तेही प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर. चकचकीत आर्ट पेपरवर चपलेचा तपकिरी रंग खुलला. साध्या कागदावर शाई शोषली जाऊन तोच मातकट झाला. जाड कागदाला घडीपूर्वी क्रीझिंग केले नाही, म्हणजे घडीच्या रेषेवर दाब देऊन खाच पाडली नाही, तर दुमडीवर शाई तडकते.

काम पोचते झाल्यावर फाईलच्या दोन प्रती ठेवतात. एक कर्व्ह केलेली, छपाईची. दुसरी मजकूर बदलता येईल अशी, फॉन्ट आणि छायाचित्रांसह एकाच फोल्डरमध्ये. ती ठेवली नसेल, तर पुढच्या वर्षी यात्रेची तारीख बदलायलाही सगळे पोस्टर नव्याने उभे करावे लागते.