चिडाचा राग
मराठीत चीड म्हणजे राग. इथे कुमाऊंमध्ये चीड हे झाड आहे. हिमालयात साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवर ते वाढतं. त्याची सुईसारखी पानं २० ते ३० सेंटिमीटर लांब असतात आणि तीन-तीनच्या जुडीत येतात. झाड सदाहरित, तरी उन्हाळ्यात जुनी पानं गळून जमिनीवर जाड थर साचतो. त्याला इथे पिरूल म्हणतात.

राळेमुळे पिरूल एका ठिणगीने पेटतो. जाड सालीमुळे मोठा चीड वाचतो, पण शेजारची बांजची, म्हणजे ओकची रोपं जळतात. मोकळ्या झालेल्या जमिनीवर मग चिडाचंच पंखवालं बी रुजतं. बांज घटला की गुरांचा पाला घटतो, म्हणून गावकरी चिडाला दोष देतात.

मला ते पूर्ण पटत नाही. उघड्या, खडकाळ उतारावर तग धरून माती सांभाळणारं हेच झाड आहे. आग बहुतेक वेळा माणूसच लावतो.

उन्हाळ्यात आम्ही कॅडेट पिरूल गोळा करून जाळरेषा साफ करतो. हातांना राळ चिकटते, लवकर निघत नाही. पण रेषेपलीकडची बांजची रोपं यंदा हिरवी आहेत. राग धरायचाच तर न विझवता फेकलेल्या काडीचा धरावा.