तिखल्यासोबत शेनिन

वेंगुर्ल्याहून बहिणीने पाठवलेली तिरफळं परवा डब्यात भरत होते. पिशवी उघडली आणि लिंबाच्या सालीच्या जवळ जाणारा तो उग्र वास आला. त्या वासासरशी मला आईने नाकाशी धरलेला वाइनचा ग्लास दिसला.

तेव्हा आई आमच्याकडे नाशिकला राहायला आली होती. रात्री मित्रमंडळी जेवायला होती आणि तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं. दिंडोरीच्या आमच्या भाऊजींनी, ज्या वायनरीला ते आपली द्राक्षं घालत तिथली शेनिन ब्लां आणली. दारूच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी आई, पण तिने माझा ग्लास उचलून वास घेतला. "कच्च्या पेराचो वास येता ह्येका," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मगे सोलां कमी घालूक व्हयी होती."

थेंबही न चाखता तिने नेमकं मर्म पकडलं होतं. जेवण वाइनपेक्षा जास्त आंबट झालं की वाइन पाणचट लागते. शेनिनचं सगळं बळ तिच्या आंबटपणात, त्यामुळे अमसुलाचा हात आखडायचा. तिखटाचंही तसंच. अल्कोहोलने मिरचीची आग वाढते, म्हणून तिखल्याला बेडगीच बरी, रंग भरपूर आणि जाळ कमी.

'आपल्या जेवणाला वाइन जात नाही' असं कुणी ठासून सांगितलं की माझा अजूनही संताप होतो. कुठलं आपलं जेवण? पाश्चात्त्य जेवणात एकामागून एक पदार्थ येतात आणि प्रत्येकाला जोडीदार शोधता येतो. आपलं पान एकदमच वाढलेलं असतं. तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, भात, कोशिंबीर, लोणचं, सगळं एका हाताच्या अंतरात. अशा पानात वाइनने एका पदार्थाशी नव्हे, पानातल्या आंबटाशी जमवून घ्यायचं असतं. आईला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

शेनिन मुळात फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली. तिकडे वेल हिवाळाभर निजते आणि द्राक्षं शरदात काढतात. नाशिकला वेलीला झोपच नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि काढणी जानेवारी ते मार्च. वाइन-उद्योजक राजीव सामंतांनी 1997 मध्ये इथे सॉव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन लावली, 2000 मध्ये बाटल्या बाजारात आल्या. पुढच्याच वर्षी राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि भाऊजींसारख्या कितीतरी शेतकऱ्यांनी टेबल-द्राक्षं सोडून वाइनची जात लावली.

मग मंदी आली. भाऊजींच्या वायनरीने त्यांचा माल उचलला नाही, आधीच्या मालाचे पैसेही अडकले. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. बाजारात नेऊन विकावं म्हटलं तर कोण घेणार? भाऊजींनी बागेवर कुऱ्हाड चालवली. बांधावर रचलेली ती खोडं मी पाहिली आहेत. कलमाच्या जोडाशी गाठ आलेली, मनगटाएवढी जाड. त्याच जागी त्यांनी थॉमसन ही टेबल-द्राक्षाची जात लावली. आईने वास घेतलेल्या त्या वाइनमध्ये त्या खोडांचाही माल होता, हे आठवलं की अजून गलबलतं.

मित्रांना मासळीच्या जेवणाला बोलवाल तेव्हा शेनिन जरूर ठेवा. फ्रिजमधून थेट ओतू नका. थोडा वेळ बाहेर ठेवून 8 ते 10 अंशांवर येऊ द्या, नाहीतर थंडीने वासच मिटतो. सोलकढी शेवटी, भातावर, वाइनसोबत नको. आणि बाटली घेताना लेबल वाचून नाशिकच्या द्राक्षाचीच घ्या. ज्यांच्या बागा अजून उभ्या आहेत, त्यांचा माल उचलला गेला पाहिजे.